दोन बोटं माया

मल्हारचा कुर्ता उलटा करून मावशीने शिवणीवरून अंगठा फिरवला आणि कुर्ता माझ्या मांडीवर टाकला. "ह्यात मायाच नाही. सोडू कशातनं?"

शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. पोर वाढलं की टाके उसवायचे, तेवढं कापड मोकळं करायचं आणि पुन्हा शिवण मारायची. मावशीने इचलकरंजीत चाळीस वर्षं लहान मुलांचे कपडे शिवले. झबली, टोपडी, कुंच्या, परकर-पोलकी, अख्खे बाळंतविडे. कुठलाही कपडा हातात आला की ती आधी त्याची आतली बाजू बघते.

त्या दिवशी तिच्यापुढे दोन कपडे होते. माझी ओवी आणि धाकट्या बहिणीचा मल्हार, दोघांच्या जन्मात तेरा दिवसांचं अंतर. मे महिन्यात दोघांना दोन वर्षं पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात मामेभावाचं लग्न आलं. आम्ही बहिणींनी एकाच दुकानातून, 'दोन वर्षं' असं लेबल असलेले कपडे घेतले. ओवीचा फ्रॉक घोट्यापर्यंत आला आणि एका खांद्यावरून घसरत राहिला. मल्हारच्या कुर्त्याची बटणं लागली नाहीत, सुरवार नडगीवरच थांबली. मांडवात एका बाईंनी मला विचारलं, "हिला खायला घालतेस ना गं?" बहिणीला दुसऱ्या कुणी सांगितलं, "ह्याचं खाणं जरा आवर." दोघी घरी येऊन रडलो. लग्नानंतर मावशी चार दिवस माझ्याकडे पुण्याला राहिली. तिची सुई चालू होती आणि आमचा वादही.

"चूक तुझीच," तिने सुरुवात केली. "वय बघून कपडा घेतलास. पोर बघून घ्यायचा असतो."

"लेबलवर वयच लिहिलेलं असतं, मावशी. दुसरं काय बघणार?"

"आम्ही कुठं वय लिहीत होतो? फ्रॉकला नंबर असायचा. अठरा नंबर म्हणजे खांद्यापासून खाली अठरा इंच. बाई पोराला उभं करायची, नाहीतर आपली वीत टेकवून सांगायची, इथपर्यंत येतोय बघा. वय कुणी विचारलंच नाही."

मी संख्याशास्त्र शिकवते. वयावर कपडा विकू नये हे मला पटत होतंच, पण माझा उपाय वितीचा नव्हता. मी तिला आकडे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-मानकांप्रमाणे दोन वर्षांच्या मुलीची मध्यम उंची ८५.७ सेंटिमीटर. पण ७९.३ पासून ९२.२ पर्यंतच्या पट्ट्यात बहुतेक सगळ्या निरोगी मुली सापडतात. वजनाचा पट्टा त्याहून रुंद, ९ किलोपासून १४.८ किलोपर्यंत. ओवी ८१ सेंटिमीटर आणि ९.८ किलो. मल्हार ९१ सेंटिमीटर आणि १४ किलो. दोघंही आपापल्या पट्ट्यात. दीड वर्षाच्या मुलीची सरासरी उंची साधारण ओवीइतकी असते आणि मल्हार उंचीने जवळजवळ अडीच वर्षांचा दिसतो. मग 'दोन वर्षं' हे लेबल नेमक्या कोणत्या मुलाचं?

"युरोपात मुलांच्या कपड्यांवर उंची लिहितात," मी म्हटलं. "८०, ८६, ९२. दर सहा सेंटिमीटरला एक माप. ओवीला ८० किंवा ८६ घ्यायचं, मल्हारला ९२. वयाचा उल्लेख असला तरी बाजूला. आईने घरात भिंतीला उभं करून पट्टी लावली की झालं."

"आणि आपल्याकडं?"

आपल्याकडे भारतीय अंगाची मापं ठरवण्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या संस्थेने 'इंडिया साइज' नावाची पाहणी हाती घेतली. मुंबई धरून सहा शहरांत पंचवीस हजार माणसं मोजायची, असा तिचा आराखडा. वयोगट मात्र १५ ते ६५. पंधरा वर्षांखालचं, म्हणजे ज्याचं माप सगळ्यात भराभर बदलतं ते पोर, त्यात नाहीच. मला याचा मनापासून राग येतो. देशात इतकी लहान मुलं आहेत, त्यांचे कपडे इथेच शिवले जातात आणि मापं मात्र कुठल्या तरी जुन्या तक्त्यावरून उचललेली.

मावशीने राग ऐकून घेतला आणि सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "नुसत्या उंचीनं काय होतंय? सारख्या उंचीच्या दोन पोरी माझ्याकडं आण. एक फ्रॉक दोघींना बसला तर मी मशीन विकीन."

मग ती जे बोलली त्यात चाळीस वर्षांचं काम होतं. तान्ह्या मुलाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने मोठं असतं. जन्मताना एकूण लांबीचा चौथा हिस्सा नुसतं डोकंच. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४६ सेंटिमीटर, म्हणजे छातीइतकाच. मावशीला सेंटिमीटर माहीत नाहीत, पण तिने फार पूर्वी ठरवून टाकलंय की मानेच्या मापाचा गळा कापला तर तो कपडा डोक्यातून जाणार नाही, आणि डोक्याच्या मापाचा कापला तर खांद्यावरून उतरेल. "म्हणून खांद्यावर टिचबटण. नाहीतर पाठीवर फाट. तुझ्या ह्या फ्रॉकला दोन्ही नाही, म्हणून गळा असा पसरट ठेवलाय, आणि म्हणून तो घसरतोय. पोरगी बारीक आहे म्हणून नव्हे."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मांडवात मी त्या घसरणाऱ्या खांद्याकडे बघून स्वतःला दोष देत बसले होते.

"दुसरं पोट," ती म्हणाली. "दोन वर्षांच्या पोराला कंबर नसतेच. पोट पुढं, खाली काहीच आधार नाही. विजार घसरते, मग दुकानदार इलॅस्टिक आवळून घालतात आणि पोटावर वळ उठतात. त्यापेक्षा खांद्यावरनं पट्टे घ्यावेत. आणि तिसरं आसन. आत लंगोट आहे की डायपर, हे न विचारता विजार कापायचीच नाही. डायपरवाल्या पोराला मागं तीन बोटं जास्त लागतात, नाहीतर बसलं की पाठ उघडी."

"पण हे सगळं कारखान्यात कसं करणार? तिथे कापडाचे थर रचून एकदम शंभर नग कापतात."

"तेच म्हणतीय मी. कारखान्याला एक आकडा पाहिजे. तो वयाचा लिहिला काय आणि उंचीचा लिहिला काय."

इथे मी तिला सोडलं नाही. फरक पडतो, फार पडतो. उंचीचा आकडा आईला फक्त कपड्याबद्दल सांगतो. वयाचा आकडा तिला मुलाबद्दल काहीतरी सुचवतो: दोन वर्षांच्या मुलाला हे बसायला हवं होतं. बसलं नाही तर खोट कपड्यात न दिसता मुलात दिसते. मांडवातल्या त्या बाईंना फ्रॉक लांब आहे असं वाटलं नाही, मुलगी आखूड वाटली.

मावशी थोडा वेळ गप्प शिवत राहिली. मग तिने वेगळंच काढलं. "माझा जन्म कधीचा, सांग."

"१ जून."

"तो कागदावरचा. गुरुजींनी घातलेला. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचाच होता. पहिलीत नाव घालायला नेलं की गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरनं नेऊन डावा कान धर. धरता आला की पोर सहा वर्षांचं झालं."

ही कानाची परीक्षा मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तिच्यातलं शहाणपण त्या दिवशी लक्षात आलं. दोन वर्षांच्या ओवीचा हात कानापर्यंत पोचणं शक्यच नाही. डोकं मोठं, हात तोकडे. पुढे डोक्याची वाढ मंदावते, हातपाय लांबतात आणि सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास बोटं कानाला लागतात. गुरुजी अंगावरून वय ओळखत होते. आजचं लेबल वयावरून अंग ठरवतं.

"पण त्यात अन्याय व्हायचा," मी म्हटलं. "चणीने लहान असलेलं, नीट खायला न मिळालेलं पोर एक वर्ष घरी राहायचं. हुशार असलं तरी."

"राहायचं," ती म्हणाली. "माझी धाकटी बहीण राहिली."

दुसऱ्या दिवशी वाद वाढत्या मापावर आला. आमच्या घरात मुलाला कधीच आजच्या मापाचा कपडा घेतला गेला नाही. दोन बोटं जास्त, नेहमी. मी याच्या विरुद्ध आहे. लांब बाह्यांतून हात बाहेर येत नाहीत, पायात पाय अडकून मूल पडतं आणि चढण्या-धावण्याच्या वयात ढगळ कपडा म्हणजे बेडीच. झबल्याच्या गळ्याला बंद असतात तेही मला नकोत. युरोपात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना गळ्यापाशी नाडी चालत नाही, कारण ती घसरगुंडीला किंवा दाराला अडकून गळफास बसू शकतो.

"बंद मांडीवरच्या पोराला," मावशी ठामपणे म्हणाली. "चालायला लागलं की मी बंद देत नाही. आणि वाढत्या मापाचा म्हणजे ढगळ, असं तुला कुणी सांगितलं? ढगळ कपडा आळशी शिंपी शिवतो. वाढ आत लपवायची असते. परकराला आतनं दोन टक घालायचे, पोलक्याच्या बगलेत माया ठेवायची, खांद्याच्या पट्ट्याला दोन काजं करायची. आज अंगाबरोबर बसलं पाहिजे आणि पुढच्या दिवाळीलाही."

मी तिला लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या रायन मारिओ यासिनबद्दल सांगितलं. घरातल्या एका बाळासाठी घेतलेले कपडे पोचेपर्यंत लहान झाले, म्हणून त्याने बारीक चुण्यांचं कापड केलं. ते अंगाबरोबर उघडत जातं. २०१७ मध्ये त्याला त्यासाठी ब्रिटनचं जेम्स डायसन पारितोषिक मिळालं. मावशीला फोनवर चित्र दाखवलं. तिने ते मोठं करून नीट पाहिलं, चुणीची दिशा तपासली आणि म्हणाली, "चांगलं केलंय. आडव्या चुण्या आहेत बघ, म्हणजे लांबीला सुटतात. इस्त्री नाही ना लागत?"

किती माया ठेवायची, याचाही हिशेब निघतो. पहिल्या वर्षी मूल साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी १२ आणि तिसऱ्या वर्षी आठ-नऊ. सहा सेंटिमीटरचं एक माप धरलं तर पहिल्या वर्षी कपडा तीन महिने पुरतो, दुसऱ्या वर्षी सहा आणि तिसऱ्या वर्षी आठ-नऊ महिने. म्हणून तान्ह्या बाळाला महागाचे, घट्ट मापाचे कपडे घेण्यात अर्थ नाही आणि दोन वर्षांच्या मुलाला मात्र चांगला शिवलेला कपडा परवडतो. मावशीने हिशेब मान्य केला, पण एक दुरुस्ती केली. "पोर रोज थोडं थोडं वाढत नाही. महिनाभर जिथल्या तिथं, आणि मग एका रात्रीत बाही वर."

मला हसू आलं नाही, कारण हे खरं आहे. १९९२ मध्ये मिशेल लॅम्पल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात ३१ बाळांची जवळून घेतलेली मापं छापली. बाळं एकेका टप्प्यात अर्धा ते अडीच सेंटिमीटर वाढत होती आणि मधल्या काळात, कधी दोन दिवस तर कधी ६३ दिवस, अजिबात नाही.

तिसऱ्या दिवशी आमचं खरं वाजलं. ओवीचा वाढीचा तक्ता मी मावशीपुढे ठेवला. तिने तो बघायला नकार दिला.

"सारखं सारखं तोलू नये पोराला. काट्यावर घालून घालून पोर वाढत नाही. आपल्या घराण्याचीच चण लहान आहे. तुझी आजी बघ, मी बघ."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मला ते सहन होत नाही. २००६ ची ती मानकं सहा देशांतल्या मुलांवरून तयार झाली: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची. १९९७ ते २००३ या काळात जवळपास साडेआठ हजार मुलं मोजली. निवडलेली मुलं चांगल्या परिस्थितीतली, अंगावर पिणारी, आया सिगारेट न ओढणाऱ्या. आणि पाच वर्षांखालची ही मुलं सगळीकडे उंचीला जवळजवळ सारखीच वाढली. दिल्लीचं मूल आणि नॉर्वेचं मूल यांत आपण समजतो तेवढं अंतर निघालंच नाही. चण म्हणून आपण जे पिढ्यान्‌पिढ्या सोडून देतो, त्यात उपाशी राहिलेल्या आयांचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची दर शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली.

"आजी कशावर वाढली, ते तूच मला सांगितलंयस," मी म्हटलं. "घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर जेवायची."

ती काही बोलली नाही. मग मी माझीही बाजू उसवली, कारण ती सरळ नव्हती. ओवी २.६ किलोची जन्मली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या सहा खेड्यांतल्या बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली होती. २००३ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात इथलं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं, तिथलं ३.५. म्हणजे अमेरिकेतल्या दादाने पाठवलेले 'न्यूबॉर्न' कपडे ओवीच्या अंगावर तरंगले यात नवल नव्हतं, आणि तरी मी ते पाहून घाबरले होते. आता दोन महिन्यांत ओवी एकच सेंटिमीटर वाढलेली दिसली आणि मी रात्रभर जागले. मग डॉक्टरांनी विचारलं, मागच्या वेळी निजवून मोजलं होतं का? हो. दोन वर्षांच्या आत निजवून मोजतात, नंतर उभं करून, आणि उभ्या मापात ०.७ सेंटिमीटर कमी भरतात. वाढ झालेली होती, माप बदललं होतं. शिवाय पहिल्या दोन वर्षांत पुष्कळ मुलं तक्त्यावरची आपली रेघ बदलतात. पोटात अडचणीत वाढलेली वर सरकतात, भरघोस जन्मलेली थोडी खाली येतात. एका मापावरून काही ठरत नाही. हे मी वर्गात शिकवते आणि स्वतःच्या मुलीच्या बाबतीत विसरते.

मावशीने हातातला मल्हारचा कुर्ता बाजूला ठेवला. बगलेत तिने दोन्हीकडून कळी घातली होती, त्याच रंगाच्या तुकड्याची, ओळखू न येणारी.

"आमच्या गल्लीत एक बाई होती," ती म्हणाली. "पोरीचा परकर मी शिवला होता, दोन टक घालून. पुढच्या दिवाळीला तोच परकर घेऊन आली. म्हणाली, नाडी तेवढी बदला, बाकी चांगला बसतोय. मी उलटा करून बघितला. टक तसेच. वर्ष झालं होतं, गं. पोरगी दारात उभी, हसत होती, खेळत होती. बघून कुणाला काही वाटलं नसतं. मी परकर परतच दिला नाही. म्हटलं, आधी अंगणवाडीत ने, काटा करून आण, मग नाडी घालते."

"मग?"

"नेलं. कमी भरली. तिथनं सरकारी दवाखान्यात. बराच काळ गेला. पुढच्या पावसाळ्यात एक टक सोडला मी."

मी तक्ता उचलला नाही, तिनेही मागितला नाही. ओवी झोपेतून उठून आली आणि मावशीच्या पायाशी बसली. मावशीने तिला तिथेच उभं केलं, वितीने खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मोजलं आणि मला कपाटातून मागच्या दिवाळीचा खणाचा परकर आणायला सांगितला.

तो तिनेच शिवलेला. ओवी तेव्हा दीड वर्षाची होती. ओवीला घातला तर पोटऱ्या उघड्या पडत होत्या. मावशीने परकर उतरवून उलटा केला, आतल्या टकावर सुईचं टोक घातलं आणि एकेक टाका उचलायला लागली. दोरा निघत गेला तशी आत दुमडलेली पट्टी बाहेर आली. बाहेरचा खण धुऊन फिका झालेला आणि ही पट्टी दुकानातून आणल्यासारखी गडद अंजिरी. मधे जुन्या टाक्यांच्या भोकांची ओळ.

मावशीने त्या पट्टीवर आपली बोटं आडवी टेकवली. एक, दोन. मग तिसरं अर्धं.

"दुसरा टक राहू दे," ती म्हणाली. "भाद्रपदात बघू. भोकांची ओळ दिसतेय, तिच्यावर काठ लावू का?"

"नको," मी म्हटलं. "दिसू दे."